बंगल्यावरील तांबडा खडा

आमच्या घरची गौर तेरड्याची. भाद्रपदात परसातली आणि गडग्याकडेची तेरड्याची रोपे मुळासकट आणायची, त्यांची जुडी बांधून तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची आणि मग कपाटातले ठेवणीतले दागिने एकेक करून तिच्या अंगावर चढवायचे, हा क्रम मी या घरात सून म्हणून आले त्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेला आहे. सर्वांत शेवटी येते ती नथ. एरवी ती कापसात गुंडाळून जुन्या मखमली डबीत ठेवलेली असते. तिचे मोती बसऱ्याचे आहेत. वयाने ते किंचित पिवळसर झाले आहेत, आणि जवळून पाहिले तर दोन मोत्यांना वेजाशी बारीक चीर गेलेली दिसते. त्या मोत्यांच्या मधोमध, गुंजेहून थोडा मोठा असा तांबडा खडा सोन्याच्या कोंदणात बसवलेला आहे. समईच्या उजेडात तो डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसतो आणि दिवसा खिडकीपाशी धरला तर त्यात गुलाबी झाक येते.

2025 च्या गौरीपूजनाला माझी पुतणी मुंबईहून रत्नागिरीला आली होती. मी गौरीला दागिने घालत होते आणि ती पाटाशेजारी बसून मला फोनवर छायाचित्रे दाखवत होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन समारंभाला दिलजित दोसांझ हा पंजाबी गायक महाराजांच्या थाटाचा पोशाख करून गेला होता. त्याला पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांचा हार घालायचा होता, पण तो संग्रहात ठेवलेला असल्यामुळे मिळू शकला नाही, अशी बातमी तेव्हा आली होती. हा हार पॅरिसच्या कार्तिए पेढीने 1928 मध्ये महाराजांसाठी घडवला होता; त्यात 2,930 हिरे होते आणि मधला पिवळसर डी बिअर्स हिरा एकटाच 234.65 कॅरेटचा होता. 1948 च्या सुमारास हार पतियाळाच्या खजिन्यातून नाहीसा झाला. पुढे 1998 मध्ये मोठे हिरे काढून घेतलेला त्याचा सांगाडा लंडनमध्ये कार्तिएच्याच माणसाला सापडला, आणि पेढीने त्यात कृत्रिम खडे बसवून तो पुन्हा उभा केला. त्याच महाराजांचा म्हणून ओळखला जाणारा, गळ्यालगतचा हिऱ्यांचा दुसरा एक दागिना 2022 च्या मेट गालामध्ये एमा चेंबरलेन या अमेरिकन तरुणीच्या गळ्यात होता, आणि तेव्हाही आपल्याकडे बरीच चर्चा पेटली होती. “काकू, तिच्या गळ्यात चालतो आणि याच्या गळ्यात चालत नाही, हे कसं?” असे पुतणीने विचारले.

तिचा राग मला पटला, आजही पटतो. हार पेढीने महाराजांच्या मागणीवरून केला होता, तो कोणी तलवारीच्या धाकाने नेला नव्हता, हे तिला मी सांगितले, आणि तिने ते मान्यही केले; पण ज्या समाजाच्या आठवणीत ही वस्तू आहे त्यातल्या माणसाने ती चार तासांसाठी मागितली तर तिच्याकडे पाहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न पावतीने मिटत नाही, असे तिचे म्हणणे होते. मी नथीची तार मुखवट्याच्या नाकातून ओवत होते. तेवढ्यात तिने सहज विचारले, “आणि हा लाल खडा कुठला गं?”

मी माझ्या आत्येसासूबाईंकडून ऐकलेले उत्तर दिले. हा खडा थिबा राजाकडचा आहे आणि माझ्या पणजेसासऱ्यांनी तो स्वस्तात घेतला. हे वाक्य मी तीस वर्षांत कितीतरी पाहुण्यांपुढे उच्चारले आहे आणि दर वेळी त्यात थोडा अभिमान असे. त्या दिवशी मात्र ‘स्वस्तात’ या शब्दाशी माझी जीभ अडखळली, कारण फोनवरचे ते छायाचित्र अजून पाटावर, गौरीच्या समोर उजळलेले होते.

रत्नागिरीकरांना थिबा सांगावा लागत नाही, पण इतरांसाठी थोडे लिहिणे आवश्यक आहे. थिबा हा ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, कोनबाँग घराण्यातला शेवटचा राजा. सागवानाच्या व्यापारावरून त्याच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला जबर दंड ठोठावला, तेवढे निमित्त पुरले, आणि नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांची फौज आगबोटींतून इरावती नदीने वर चढत राजधानी मंडालेला पोहोचली. 28 नोव्हेंबरला राजाने शरणागती दिली. दुसऱ्याच दिवशी तो, गरोदर राणी सुपयालत आणि त्यांच्या लहान मुली बैलगाड्यांतून नदीकाठी नेल्या गेल्या. 1 जानेवारी 1886 रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले. राजाला आधी मद्रासला आणि मग एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला धाडणाऱ्या सरकारने मंडालेचा राजा आमच्या किनाऱ्यावर आणून ठेवला, यात हिशेब एकच होता. रत्नागिरीला रेल्वे नव्हती, मागे सह्याद्री आणि पुढे समुद्र, मुंबईची बोट पावसाळ्यात बंद; राजाला भेटायला येणारा माणूस सरकारच्या नजरेतून सुटणे कठीण होते. डिसेंबर 1916 मध्ये थिबा येथेच वारला. राणीला त्याचे शव मायदेशी न्यायचे होते, परंतु सरकारने परवानगी दिली नाही, आणि त्याची समाधी रत्नागिरीतच बांधली गेली.

आज पर्यटक जो थिबा राजवाडा पाहायला येतात, तो जांभ्याचा आणि सागवानाचा, उतरत्या छपरांचा, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला देखणा वाडा 1910 मध्ये तयार झाला. म्हणजे राजाच्या येथल्या तीस वर्षांपैकी चोवीस वर्षे बंगल्यांत गेली. ही तपशिलाची गोष्ट पुढे माझ्या उपयोगी पडली.

मंडाले पडले त्या रात्री राजवाड्यातून काय काय गेले याची पूर्ण मोजदाद कधीच झाली नाही. चाकरमाणसांतल्या स्त्रियांना पहाऱ्यातून ये-जा करू दिली गेली आणि त्यांच्या हातून बरेच गेले. शिपायांच्या हातूनही गेले. या सगळ्यात थिबाच्या मनाला शेवटपर्यंत डाचत राहिले ते एक माणिक. ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणीत ते ज्याला सापडले त्याच्या नावावरून त्याला ‘ङा मौक’ म्हणत. थिबाचे म्हणणे असे होते की, फौजेबरोबर राजकीय अधिकारी म्हणून आलेल्या कर्नल एडवर्ड स्लेडनने हे माणिक पाहायला म्हणून घेतले आणि परत केले नाही. स्लेडन परका नव्हता. तो पूर्वी मंडालेला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला होता आणि त्याला ब्रह्मी भाषा येत होती. राजाने त्याच्यावर विश्वास ठेवला असेल तर त्याचे कारण तेच असावे. रत्नागिरीहून थिबाने सरकारकडे आपल्या जडजवाहिराबद्दल तक्रारी केल्या. स्लेडन 1890 मध्ये वारला. ते माणिक पुन्हा कोणाच्या हातात दिसले नाही.

आणि खाणींचे काय झाले तेही सांगते, कारण दागिन्यांच्या काचेच्या कपाटांमागे हा भाग नेहमी झाकला जातो. मोगोकच्या खोऱ्यात ठरावीक किमतीच्या वरचा प्रत्येक खडा राजाचा, असा जुना नियम होता. राजा गेला, इंग्रज फौज मोगोकपर्यंत पोहोचली, आणि 1889 मध्ये लंडनमध्ये बर्मा रूबी माइन्स लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. तिच्या उभारणीत एडविन स्ट्रीटर हा लंडनचा प्रसिद्ध जवाहिऱ्या होता आणि तिच्या भागांवर लोकांच्या उड्या पडल्या. युरोपातल्या मोठ्या पेढ्यांनी पुढे जी माणके अंगठ्यांत आणि हारांत बसवली, त्यांच्या पुरवठ्याची वाट अशी मोकळी झाली होती. 2015 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात कार्तिएच्या अंगठीतले 25.59 कॅरेटचे एक ब्रह्मी माणिक तीन कोटी डॉलरांच्या वर विकले गेले. ब्रह्मदेशाचे माणिक म्हणून किंमत चढते आणि ब्रह्मदेशाला त्यातले काही मिळत नाही, हे मला त्या बातमीत सर्वांत बोचले होते.

आता आमच्या गावाचा भाग. थिबाने मंडालेहून जे काही सोबत आणले होते ते रत्नागिरीत हळूहळू विकले गेले. खर्च राजाच्या सवयीचा होता, नेमणूक सरकारच्या मर्जीची होती, कर्ज वाढत होते, आणि विकायला दागिनेच होते. मुंबईच्या झवेरी बाजारात जाऊन भाव काढण्याची त्याला मुभा नव्हती. खडा विकायचा तर तो दलालाच्या हाती द्यायचा आणि दलाल जे आणून देईल ते घ्यायचे. विकत घेणारे होते ते येथलेच, बाजारपेठेतले व्यापारी आणि सावकार. त्यांनी राजाच्या अज्ञानाचा फायदा घेतला ही गोष्ट त्या काळी सरकारी अधिकाऱ्यांच्याही लक्षात आली होती. इंग्रजांनी राजाचे राज्य घेतले, आणि त्याच्या पेटीतले जे उरले होते त्यातला वाटा आमच्या बाजारपेठेने घेतला, हे वाक्य मला लिहायला जड जाते, पण ते खरे आहे.

गौरी-गणपतीनंतर पुतणीने माळ्यावरच्या जुन्या कीर्दी खाली काढल्या. वाळवी लागलेल्या, पाने एकमेकांना चिकटलेल्या अशा त्या वह्यांतल्या दोनच वाचता येण्याजोग्या होत्या. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना आम्ही त्या दाखवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. शके 1816 च्या, म्हणजे इसवी सन 1894-95 च्या कीर्दीत एक ओळ अशी होती: ‘बंगल्यावरील तांबडा खडा नग 1, दलालामार्फत.’ पुढे रक्कम होती. त्याच पानावर, चार ओळी खाली, एका दुभत्या म्हशीची खरेदी लिहिलेली होती, आणि म्हशीची किंमत खड्याहून जास्त होती.

गुरुजींनी सावधपणे सांगितले की, बंगल्यांत गोरे साहेबही राहत, तेव्हा ‘बंगल्यावरील’ म्हणजे थिबाचाच असा पुरावा यातून निघत नाही. तरी त्या सालात वाडा बांधलेलाच नव्हता आणि राजा बंगल्यात राहत होता, हे जुळते. घरातली आख्यायिका मात्र ‘थिबाच्या वाड्यावरचा खडा’ अशी होती. वाडा नंतर झाला आणि लोकांच्या तोंडी नंतरचा शब्द बसला असावा. कागद जुना बोलत होता आणि तो अधिक बरोबर होता.

मग खडा तपासून घेतला. सोनाराने नथीतून तो न काढताच भिंगाखाली पाहिला आणि तो थोडा वेळ गप्प राहिला. पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेतून जे कार्ड आले त्यावर ‘नैसर्गिक स्पिनेल’ असे लिहिले होते. माणिक आणि स्पिनेल ही दोन वेगळी खनिजे आहेत. माणकात शिरलेला प्रकाशकिरण दुभंगतो, त्यामुळे विशिष्ट उपकरणातून पाहिल्यास माणिक दोन छटांचे दिसते. स्पिनेलमध्ये किरण अभंग राहतो आणि छटा एकच दिसते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, आणि शेकडो वर्षे तो बहुतेकांना कळत नव्हता. मोगोकच्या गाळात दोन्ही खडे शेजारी शेजारी सापडतात. कोहिनूरप्रमाणेच लाहोरच्या खजिन्यातून लंडनला गेलेले ‘तैमूरचे माणिक’ हेही प्रत्यक्षात स्पिनेलच आहे.

घरात यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. धाकट्या जाऊबाईंना वाईट वाटले. भावोजींना हायसे वाटले. “वहिनी, माणिकच नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. आणि असतं तरी आपण काही लूट केली नव्हती. त्यांनी विकला, आपण पैसे मोजले, कीर्दीत नोंद आहे,” असे ते म्हणाले. भावोजी सरळ माणूस आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. कागद नसलेली कितीतरी घरे असतील. आमच्याकडे निदान नोंद आहे.

तरीही मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे समजायला मला कायद्याचे पुस्तक लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी आगोट लागली, होड्या शाकारून ठेवल्या, मुंबईची मनिऑर्डर लांबली, की बाईच्या हातातल्या पाटल्या सावकाराकडे जात. गहाण पडलेल्या पुष्कळदा सुटत नसत. त्या मोडल्या नाहीत आणि दुसऱ्या कोणी विकत घेऊन हातात घातल्या, तर गावातल्या बायका त्यांना वर्षानुवर्षे पहिल्या बाईच्याच पाटल्या म्हणत. घेणारीने पैसे मोजलेले असत आणि तिला कोणी चोर म्हणत नसे, पण पाटल्या कोणाच्या हे सारी आळी जाणून असे, आणि मूळ मालकीण समोरून आली तर घेणारी हात पदराआड घेत असे. माझ्या सासूबाईंनी हे मला स्वतः पाहिलेले म्हणून सांगितले आहे. ज्याला दुसरे गिऱ्हाईकच नाही त्याच्याकडून घेतलेली वस्तू आणि भर बाजारात घासाघीस करून घेतलेली वस्तू यांतला फरक आमच्या भागात प्रत्येक घराला ठाऊक होता. राजाच्या बाबतीत तो विसरण्याचे काहीच कारण नव्हते.

आपण महाराष्ट्रातले लोक नासक हिऱ्याबद्दल बोलतो तेव्हा हीच जाण आपल्या शब्दांत असते. त्र्यंबकेश्वराच्या शिवलिंगावर वाहिला जाणारा, सुमारे 90 कॅरेटचा हा हिरा 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाकडून कर्नल ब्रिग्जमार्फत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे गेला. कंपनीच्या लेखी ती लढाईतली रीतसर प्राप्ती होती. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो 3,000 पौंडांना घेतला आणि त्याला नवे पैलू पाडले. 1837 च्या लिलावात तो 7,200 पौंडांना गेला. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापून 43.38 कॅरेटचा लांबट चौकोनी केला. देवाला वाहिलेला जो हिरा होता त्याचा निम्म्याहून अधिक भाग चुरा होऊन गेला. आज तो परत मिळाला तरी त्र्यंबकेश्वराने पाहिलेला आकार त्यात नाही. या व्यवहारात पावत्या सर्वांकडे होत्या आणि प्रत्येक घेणाऱ्याने पैसे मोजले होते. भावोजींचे वाक्य लंडनच्या त्या पेढीच्या तोंडीही शोभून दिसले असते. (हिरा देवाचा असताना तो पेशव्याच्या ताब्यात कसा होता, हाही प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे.)

कोहिनूरचेही तसेच. 1849 मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहाच्या कलमाने तो घेतला गेला, आणि 2016 मध्ये आपल्याच सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयात तो जबरीने नेलेला नाही असे सांगितले, तेव्हा देशभर संताप झाला. दहा वर्षांच्या मुलाची सही म्हणजे संमती नव्हे, असे आपण सगळे एकमुखाने म्हणालो. कर्जात बुडालेल्या, गावाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या कैद्याने दलालाच्या हातात दिलेला खडा म्हणजे तरी पूर्ण संमती कशी?

वस्तू परत देता येत नाहीत असे सांगणाऱ्यांसाठी थिबाच्याच खजिन्यातले एक उदाहरण आहे. मंडालेच्या राजचिन्हांचा संच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होता. 1964 मध्ये जनरल ने विन लंडनला गेले असताना ब्रिटनने तो ब्रह्मदेशाला परत केला. ब्रह्मदेशाने त्यातले एक सोन्याचे हंसाकृती पात्र कृतज्ञता म्हणून त्या संग्रहालयाला भेट दिले. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण घेतलेली वस्तू आणि दिलेली वस्तू यांत काय अंतर असते ते त्या एका पात्रात दिसते. पुढे 1983 च्या कायद्याने त्या संग्रहालयाच्या विश्वस्तांचे हात बरेच बांधले गेले, आणि म्हणून 2024 मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर आली. 2025 मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून 47 लाख 15 हजार रुपयांना सोडवली. ती मुंबईत उतरली तेव्हा मला आनंद झाला. विकत घेऊन आणावी लागली याचे दुःखही झाले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील पिप्रहवाच्या स्तूपात बुद्धाच्या अस्थींसोबत ठेवलेली रत्ने हाँगकाँगच्या लिलावात निघाली होती; भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये एका भारतीय उद्योगसमूहाच्या पैशाने ती मायदेशी आली.

आमचा खडा कोणाला द्यायचा, हा प्रश्न मात्र मी समजले त्याहून अवघड निघाला. म्यानमारमध्ये 2021 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्या हातांत तो देण्यास माझे मन धजत नाही. शिवाय 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेखेरीज कोणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि नथ त्या व्याख्येत बसू शकेल असे आमच्या एका वकील स्नेह्यांचे मत पडले. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला येऊन गेले, तेव्हा गावभर चर्चा होती. आमच्या घरातही होती. त्या चर्चेत आमच्यापैकी कोणालाही डबीतल्या नथीची आठवण झाली नाही.

याहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती लिहिण्यासाठीच मी हे सारे लिहायला घेतले. थिबाची थोरली मुलगी बंगल्यावरच्या दरवानाच्या प्रेमात पडली. त्यांना 1906 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव टुटू. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीतच हलाखीत वारली, ते साल 1947. टुटू मराठी बोलत, मराठी घरात लग्न करून, कागदाची फुले आणि शेण्या करून संसार चालवत याच गावात जगल्या, आणि 2000 मध्ये वारल्या. मी 1994 मध्ये लग्न होऊन या घरात आले. म्हणजे सहा गौरी अशा गेल्या की, मी मुखवट्याच्या नाकात ‘थिबाकडचा खडा’ घालत होते, पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होते, आणि त्या राजाची नात त्याच वेळी आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर होती. तिला कोणी बोलावले नाही, आणि ही नथ एकदा तिच्या हातावर ठेवावी असे कोणाला सुचले नाही. मलाही सुचले नाही. मी सुशिक्षित होते, कोहिनूरबद्दल शाळेतल्या मुलांना तळमळीने शिकवत होते, आणि टुटू हे नाव मला ठाऊक होते. एवढ्यासाठी मला कोणी दोष दिला नाही. तो मी आज स्वतः घेते.

पुतणीला हे सांगितले तेव्हा तिने मला धीर देण्याचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिने फक्त विचारले की, टुटूंनी नथ मागितली असती तर आपण दिली असती का. मी खरे उत्तर दिले. 1994 मध्ये नसती दिली. सासूबाईंनी नसती देऊ दिली आणि मीही गप्प राहिले असते.

दिवाळीत सगळे घरी जमले तेव्हा आम्ही बोललो. भावोजी खडा देऊन टाकण्याच्या विरुद्ध राहिले, पण दोन गोष्टींना त्यांनी मान्यता दिली. एक, ही नथ आमच्या पिढीत विकली जाणार नाही आणि मोडलीही जाणार नाही. दुसरी, तिची पूर्ण हकिगत, कीर्दीच्या पानाच्या छायाचित्रासह आणि प्रयोगशाळेच्या कार्डासह, लिहून ठेवायची, आणि तिची एक प्रत थिबा राजवाड्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयाकडे द्यायची, म्हणजे राजाच्या कुटुंबातले किंवा त्याच्या देशातले कोणी उद्या शोध घेत आले तर त्यांना दार माहीत असेल. त्यापुढे काय करायचे ते पुतणीच्या पिढीने ठरवावे असे मी सुचवले. त्यावर अजून एकमत झालेले नाही.

मखमली डबीत आता कापसाखाली एक घडी केलेला कागद आहे. पुतणीच्या अक्षरात त्यावर लिहिले आहे: खडा स्पिनेल, बहुधा मोगोकचा, ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत असताना, शके 1816 मध्ये, दलालामार्फत घेतलेला असावा. त्याखाली खड्याची किंमत आहे, आणि तिच्या शेजारी, भावोजींनी स्वतःहून घालायला लावलेली, म्हशीची.